चिमणीतली धग, शेडमधला गारवा: कारखान्यात व्हॅम बसवण्याची माझी पद्धत

एप्रिलच्या दुपारी तीन वाजता आमच्या फेटलिंग विभागातला थर्मामीटर ३९ दाखवायचा. तिथे मुलं कास्टिंगच्या कडा घासत उभी असतात. अंगात जाड एप्रन, कानात प्लग, तोंडाला मास्क. त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला हीट ट्रीटमेंटच्या तीन भट्ट्या आहेत आणि त्यांच्या चिमणीतून ४२० अंशांचा धूर रात्रंदिवस वर जातो. गॅसचे पैसे मोजून तयार केलेली ती उष्णता. एका टोकाला ती फुकट जाते आणि दुसऱ्या टोकाला माणसं घामाने निथळतात, हे मी कित्येक वर्षं बघत होते.

मी चाकणच्या एका ॲल्युमिनियम फाउंड्रीत युटिलिटी सांभाळते. कॉम्प्रेसर, चिलर, पाणी, वीज, गॅस, सगळं त्यात आलं. त्या धुरावर चालणारं ३० टनांचं व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन मशीन, ज्याला आम्ही सगळे व्हॅम म्हणतो, आम्ही बसवलं आणि चालवलं. तुमच्याकडे भट्टी, बॉयलर किंवा गॅस इंजिन असेल आणि मनात असाच विचार घोळत असेल, तर कुठून सुरुवात करायची ते सांगते. ‘टन’ म्हणजे वजन नव्हे, गारव्याचं माप: ताशी ३,०२४ किलोकॅलरी.

उष्णतेवर थंडावा, हे होतं कसं

हे नीट कळल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण यंत्र बिघडतं तेव्हा याच समजुतीवर ते दुरुस्त होतं.

महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ लागतो, कारण तिथे हवेचा दाब कमी आणि पाणी शंभर अंशांच्या आतच उकळतं. हा दाब आणखी कमी करत नेला तर पाणी आणखी कमी तापमानाला उकळतं. व्हॅमच्या इव्हॅपोरेटरमध्ये दाब पाऱ्याच्या सहा-सात मिलिमीटरइतकाच असतो (बाहेर समुद्रसपाटीला तो ७६०), आणि तिथे पाणी चार-पाच अंशांना उकळतं. उकळायला उष्णता लागते. ती उष्णता ते शेजारच्या नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यातून घेतं. त्या नळ्यांतलं पाणी १२ अंशांनी आत येतं आणि ७ अंशांनी बाहेर पडतं. हे थंड पाणी, म्हणजे चिल्ड वॉटर, हाच आपला गारवा.

आता ती वाफ तिथेच साठली तर दाब वाढेल आणि उकळणं थांबेल. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तोच गुण इथे कामाला येतो. लिथियम ब्रोमाइड हे मीठ साध्या मिठापेक्षा कितीतरी अधिक हावरं असतं. अ‍ॅब्सॉर्बर नावाच्या भागात त्याचं दाट द्रावण त्या वाफेला शोषून घेत राहतं. शोषून पातळ झालं की पंप ते जनरेटरमध्ये नेतो (हा विजेचा जनरेटर नव्हे, व्हॅममधला द्रावण तापवायचा भाग). तिथे आपलं भट्टीच्या धुरावर तापवलेलं पाणी त्यातून वाफ पुन्हा बाहेर काढतं. दाट झालेलं द्रावण परत शोषायला जातं आणि निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये कूलिंग टॉवरच्या पाण्याने थंड होऊन पुन्हा पाणी होते. साध्या एसीत जे काम कॉम्प्रेसर विजेवर करतो ते इथे मीठ आणि धग मिळून करतात. वीज लागते ती फक्त पंपांना आणि टॉवरच्या पंख्याला. आत शीतक म्हणून साधं पाणीच असतं.

कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या फर्दिनां कारे यांनी १८५९ मध्ये अमोनिया आणि पाण्यावर चालणाऱ्या अशा यंत्राचं पेटंट घेतलं होतं. आज आपल्या पुण्याची थरमॅक्सही व्हॅम बनवते. तेव्हा ही काही परदेशातून आणून जपायची वस्तू नाही, सुटे भाग आणि माहितगार माणसं इथेच मिळतात.

आधी धूर मोजा

बहुतेक जण आधी मशीनचं कोटेशन मागवतात. मी म्हणेन, आधी एक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, चिमणीत घाला आणि आठवडाभर दर तासाला आकडा लिहा. रविवारसकट. आमच्याकडे भट्टीची दारं उघडली की तापमान ३६० पर्यंत खाली यायचं आणि नवा घाणा भरला की हळूहळू ४५० ला जायचं. सरासरी ४२०. एकदाच मोजून ४५० धरलं असतं तर मशीन मोठं घेतलं गेलं असतं.

मग धुराचं वजन. त्यासाठी चिमणीत वेग मोजायची खटपट करण्यापेक्षा गॅसच्या मीटरवरून काढणं सोपं. आमचा गॅस ताशी सरासरी ११५ घनमीटर, म्हणजे सुमारे ८६ किलो. फ्लू गॅस अ‍ॅनालायझरने धुरातला ऑक्सिजन ५ टक्के दाखवला, म्हणजे गरजेपेक्षा साधारण ३० टक्के हवा जास्त जात होती. अशा वेळी एक किलो नैसर्गिक वायूमागे साडेतेवीस किलो धूर होतो. ८६ गुणिले २३.५, म्हणजे ताशी २,००० किलो धूर.

आता धूर किती खाली उतरवायचा? आम्ही १६० अंश धरले. नैसर्गिक वायूत गंधक जवळजवळ नसतं, त्यामुळे आणखी खाली जाता आलं असतं, पण त्यासाठी धुराची उष्णता पाण्याला देणारा एक्स्चेंजर फार मोठा होतो. फर्नेस ऑइल किंवा कोळसा जाळत असाल तर १६० च्याही खाली जायचा मोह अजिबात धरू नका, धुरातलं आम्ल नळ्यांवर साचून त्या खाऊन टाकतं.

धुराची विशिष्ट उष्णता ०.२६ धरा. २,००० × ०.२६ × (४२० − १६०) = १,३५,२०० किलोकॅलरी ताशी. गळती वगैरे पाच टक्के वजा करून १,२८,०००. गरम पाण्यावर चालणारं एकेरी, म्हणजे सिंगल इफेक्ट व्हॅम शंभर भाग उष्णता घेऊन सत्तर भाग थंडावा देतं. म्हणजे सुमारे ९०,०००, भागिले ३,०२४. उत्तर ३० टन. हा सगळा हिशेब एका पानावर मावतो आणि विक्रेता येण्याआधी तो तुमच्या खिशात असायला हवा.

पण हिशेब केल्यावर लगेच मशीनकडे धावू नका. धुरावर पहिला हक्क भट्टीचाच. बर्नरला जाणारी हवा धुराने आधी तापवली तर गॅस तिथेच वाचतो, आणि ती बचत व्हॅमपेक्षा नेहमी सरस असते. दुसरा हक्क धुण्याच्या टाकीचा, गरम पाणी लागणाऱ्या इतर कामांचा. आमच्या भट्ट्यांना अशी हवा तापवणारा रिक्युपरेटर आधीपासून होता, ४२० हे त्याच्या नंतरचं तापमान. तुमच्याकडे नसेल तर आधी तो बसवा, मग उरलेल्या धुराचं काय करायचं ते ठरवा.

आणखी एक. आमच्याकडे वितळवायच्या भट्टीचा धूर याहून गरम आहे, तरी आम्ही त्याला हात लावला नाही. त्या भट्टीत फ्लक्स, म्हणजे धातूतला मळ वेगळा करणारी पूड, टाकतात. त्या धुरात क्षार असतात, ते एक्स्चेंजरच्या पंखेदार नळ्यांवर थर करून बसतात आणि पोलाद पोखरतात. धूर जितका स्वच्छ तितका एक्स्चेंजर टिकतो, आणि स्वच्छ धूर थोडा कमी गरम असला तरी चालतो.

वेळ जुळते का ते बघा

वाया जाणारी उष्णता साठवून ठेवता येत नाही, निदान परवडेल अशा खर्चात तरी नाही. त्यामुळे धूर आणि उकाडा एकाच वेळी हवेत. आमच्या भट्ट्या तीन पाळ्या चालतात म्हणून हे जमलं.

डिझेल जनरेटरच्या धुरावर व्हॅम लावायचा विचार पुष्कळांच्या डोक्यात येतो. जनरेटर फक्त लाईट गेल्यावर चालत असेल तर तो विचार सोडून द्या. रोज पंधरा-वीस तास चालणारं गॅस इंजिन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे धूर तर आहेच, शिवाय इंजिनाच्या जॅकेटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती फिरणारं पाणी ९० अंशांच्या आसपास आयतं मिळतं, आणि नेमकं तेवढंच तापमान एकेरी व्हॅमला हवं असतं. याहून चांगली जोडी मला माहीत नाही. साखर कारखान्यात वाफ भरपूर, पण गळीत हंगाम ऐन थंडीतला. मे महिन्यात ऑफिस तापतं तेव्हा बॉयलर बंद असतो. एअर कॉम्प्रेसरच्या तेलाच्या उष्णतेवर तापलेलं पाणी सहसा ७० अंशांच्या आतबाहेर असतं, ते लिथियम ब्रोमाइडच्या साध्या यंत्राला अपुरं. त्या तापमानावर सिलिका जेलवाली अ‍ॅडसॉर्प्शन यंत्रं चालतात, पण ती आकाराने मोठी आणि थंडावा कमी देणारी.

तुमच्याकडे आठ किलो दाबाची वाफ शिल्लक पडत असेल तर दुहेरी, म्हणजे डबल इफेक्ट यंत्र घ्या. तेवढ्याच उष्णतेत ते जवळजवळ दुप्पट थंडावा देतं: एका टनाला ताशी चार-साडेचार किलो वाफ, एकेरीला आठच्या वर. आणि शून्याखालचं कोल्ड स्टोरेज करायचं असेल तर लिथियम ब्रोमाइड नाही चालणार, कारण आत शीतक पाणी आहे, ते गोठेल. तिथे अमोनियाच हवा.

गारवा कुणाला

यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त चर्चा झाली आणि माझं मत मी तेव्हाही ठामपणे मांडलं होतं.

३० टनांत आख्खी शेड थंड होत नाही. पत्र्याखालची ती उंच शेड थंड करायला किती टन लागतील हे मोजायचीही गरज नाही. म्हणून आम्ही माणूस उभा राहतो ती जागा थंड केली. फेटलिंगच्या वीस टेबलांवर वरून एकेक डक्ट उतरवला, प्रत्येकातून ताशी साधारण ६८० घनमीटर हवा, २६ अंशांची. बाहेरची ३८ अंशांची हवा एवढी खाली आणायला पंधरा-साडेपंधरा टन लागतात. राहिलेल्यातले आठ टन मोजमापाच्या खोलीला, तिथे २० अंश धरून ठेवावेच लागतात, आणि सहा टन इलेक्ट्रिकल पॅनलच्या खोलीला.

डक्टचं तोंड डोक्यावर सरळ सोडू नका. आम्ही पहिल्यांदा तसंच केलं आणि आठवड्याभरात मुलांची मान धरायला लागली. मग तोंडं फिरती केली आणि हवा छातीवर समोरून, तिरकी येईल अशी लावली. ज्याला हवी त्याने वळवून घ्यावी. धूळ ओढणाऱ्या हुडच्या प्रवाहात ही हवा घुसणार नाही एवढं बघा, नाहीतर ॲल्युमिनियमची धूळ हुडात जायच्या ऐवजी नाकात जाईल. तो धोका उकाड्यापेक्षा मोठा आहे.

आता बचतीचा हिशेब, आणि इथे मला स्पष्ट बोलायचंय. विक्रेत्याच्या कागदावर ३० टन गुणिले १.२ किलोवॅट, म्हणजे ३६ किलोवॅट वीज वाचली असं लिहिलेलं असतं. त्यातून टॉवरचा पंखा आणि सगळे पंप मिळून दहा किलोवॅट वजा केले की २६ उरतात. वर्षाला ६,००० तास धरले आणि युनिटला १० रुपये, तर साडेपंधरा लाख. पण आमच्या फेटलिंगला आधी एसी नव्हताच! जी वीज कधी खर्चच होत नव्हती ती वाचली कशी म्हणायची? खरी बचत फक्त मोजमापाच्या आणि पॅनलच्या खोलीतल्या चौदा टनांची: जवळपास १७ किलोवॅट, वजा ते दहा. सात किलोवॅट. वर्षाचे चार लाख वीस हजार.

मी व्यवस्थापनापुढे दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवले. एका ओळीत चौदा टन, बचत म्हणून. दुसऱ्या ओळीत साडेपंधरा टन, कामगारांसाठी खर्च म्हणून. आणि त्या खर्चासमोर लिहिलं की हाच गारवा विजेवर द्यायचा तर वर्षाला किती बिल येईल. मंजुरी मिळाली. कागदावर फुगवलेली बचत दाखवली असती तर पहिल्याच वर्षाच्या बिलानंतर माझ्या पुढच्या कुठल्याच आकड्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

पाणी: ज्याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही

व्हॅमला दोन उष्णता बाहेर टाकाव्या लागतात. खोलीतून काढलेली आणि धुरातून घेतलेली. आमच्या बाबतीत ९०,००० अधिक १,२८,०००, म्हणजे ताशी २,१८,००० किलोकॅलरी टॉवरमधून हवेत जातात. तेवढ्याच थंडाव्याच्या विजेवरच्या वॉटर-कूल्ड चिलरपेक्षा हे जवळजवळ दुप्पट आहे.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. भागाकार केला तर ताशी पावणेचारशे लिटरच्या आसपास पाणी उडून जातं, आणि क्षार वाढू नयेत म्हणून शंभरेक लिटर सोडून द्यावं लागतं. म्हणजे ताशी पावणेपाचशे लिटर, दिवसाला अकरा हजारांच्या वर. रोज एक टँकर. एप्रिल-मे मध्ये एमआयडीसीच्या पाण्यावर कपात येते तेव्हा हा टँकर कुठून आणणार? हजार लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाला पावणेतीन लाखांच्या वर. वरच्या चार लाख वीस हजारांसमोर हा आकडा ठेवून बघा.

आम्ही सांडपाणी प्रक्रियेतून निघणारं पाणी आणखी गाळून टॉवरला वापरतो. ते नसतं तर मी हा प्रकल्प सुचवलाच नसता. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी टॉवरमध्ये तसंच घालू नका. कंडेन्सरच्या नळ्यांत चुन्याचा थर बसला की यंत्राची ताकद दर महिन्याला घसरत जाते आणि का ते लवकर कळत नाही.

ज्या गावात उन्हाळा कोरडा आहे आणि फक्त माणसांनाच गारवा द्यायचा आहे, तिथे आधी मोठे डेझर्ट कूलर किंवा एअर वॉशर लावून बघा. नागपुरात मे महिन्यात ते उत्तम काम करतात आणि खर्च अगदी थोडा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ते निकामी ठरतात, तिथे व्हॅमची किंमत कळते. चाकण मध्येच पडतं: एप्रिलमध्ये कूलरने भागलं असतं, जूनपासून नाही. आणि मोजमापाच्या खोलीला तर कूलर कधीच चालला नसता.

जोडणी करताना

आम्ही धूर थेट यंत्रात न नेता मध्ये गरम पाण्याचं बंद चक्र ठेवलं. धुराच्या वाटेत पंखेदार नळ्यांचा एक्स्चेंजर, त्यातून ताशी तेरा घनमीटरच्या आतबाहेर पाणी, ९० अंशांनी व्हॅमकडे जातं आणि ८० ने परत येतं. एवढ्या लहान यंत्राला हेच सोयीचं.

काही गोष्टींवर तडजोड करू नका. धुराची चिमणीकडे जाणारी जुनी वाट कायम ठेवा आणि एक्स्चेंजरच्या वाटेवर असा डॅम्पर (धुराची झडप) लावा जो वीज गेली, हवेचा दाब गेला किंवा पाण्याचा पंप थांबला की स्प्रिंगने आपोआप धूर चिमणीकडे वळवेल. पंप थांबलेला आणि धूर चालू, म्हणजे नळ्यांत पाणी उकळून स्फोटाची तयारी. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक्स्पान्शन टँक लागतातच. एक्स्चेंजरमुळे धुराला अडथळा होतो, तेव्हा भट्टीतला ड्राफ्ट, म्हणजे धुराला चिमणीकडे खेचणारी ओढ, आधी आणि नंतर मोजा. भट्टीच्या दारातून ज्वाळा बाहेर डोकावायला लागल्या तर धूर ओढणारा पंखा, म्हणजे आयडी फॅन, लागणार हे समजा. इंजिनावर लावत असाल तर धुराचा उलटा दाब, म्हणजे बॅकप्रेशर, किती चालतो ते इंजिनाच्या कंपनीकडून लेखी घ्या.

व्हॅमचा पाया पाणसळ लावून सपाट करा. आतली सगळी द्रावणं थरांत, तबकांतून वाहतात. यंत्र कलतं बसलं तर नळ्या एका बाजूने कोरड्या राहतात. आणि मोजमापाच्या खोलीचे जुने एसी काढू नका. भट्ट्या बंद असतात त्या दिवशी व्हॅमही बंद.

डिसेंबरची ती रात्र

उन्हाळ्यासाठी घेतलेलं यंत्र थंडीत दगा देतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

चाकणला डिसेंबरात पहाटे दहा अंशांपर्यंत उतरतं. टॉवरचा पंखा पूर्ण वेगात होता आणि टॉवरचं पाणी १८ अंशांवर आलं होतं. पहाटे पावणेतीनला लाईट गेली. डिझेल जनरेटर सुरू झाला, पण व्हॅमचं पॅनल इमर्जन्सी फीडरवर जोडलेलंच नव्हतं. यंत्र बंद करताना दाट आणि पातळ द्रावण वीस-एक मिनिटं एकमेकांत फिरवून सगळं पातळ करून मगच थांबवायचं असतं. ते झालं नाही. साठ टक्क्यांवरचं दाट द्रावण सोल्युशन हीट एक्स्चेंजरमध्ये (जिथे जाणारं-येणारं द्रावण एकमेकांना उष्णता देतं) जागच्या जागी थंड झालं आणि त्याचे खडे झाले, पाकाची साखर धरावी तसे.

सकाळी यंत्र सुरू केलं तर चिल्ड वॉटर १५ च्या खाली यायला तयार नाही. आमच्याकडे एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते पॅनलकडे गेलेच नाहीत. यंत्राच्या बाजूला वाकून त्यांनी व्हॅममधल्या जनरेटरकडून अ‍ॅब्सॉर्बरकडे उतरणाऱ्या ओव्हरफ्लोच्या वाकड्या पाइपला बोटाचं टोक लावलं आणि झटकन काढलं.

“मॅडम, हा पाइप कोमट पाहिजे. चटका बसतोय. पुढची वाट तुंबलीय, म्हणून माल इकडून उतरतोय.”

“खडे झालेत म्हणता?”

“हिला थंडी बाधली की ही अशीच गोठते. आता घाई करायची नाही. टॉवर बंद ठेवा, हिला आतून तापू द्या.”

टॉवरचं पाणी थांबवलं, गरम पाणी हळूहळू चालू ठेवलं. द्रावण गरम होऊन एक्स्चेंजरमधून ढकललं जाऊ लागलं. बाहेरून एक्स्चेंजरला गोणपाट गुंडाळून त्यावर गरम पाण्याची बारीक धार धरली. गॅसची बत्ती लावायला मामांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही, कारण जोडाला तडा गेला तर आत हवा शिरते आणि मग सगळंच गेलं. संध्याकाळी सातला तो ओव्हरफ्लोचा पाइप हाताला सोसवेल इतका झाला आणि चिल्ड वॉटर उतरू लागलं.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. व्हॅमचं पॅनल, सोल्युशन पंप आणि चिल्ड वॉटर पंप इमर्जन्सी फीडरवर घेतले, म्हणजे लाईट गेली तरी पातळ करण्याचं चक्र पूर्ण होतं. टॉवरच्या पंख्याला तापमानावर चालू-बंद होणारा कंट्रोल लावला. आणि टॉवरला वळसा घालून पाणी परत आणणारा बायपास व्हॉल्व्ह बसवला, टॉवरचं पाणी २४ च्या खाली यंत्रात जाऊच नये म्हणून. तुमच्या यंत्राची मर्यादा त्याच्या पुस्तकात असेल, ती बघा. हे तिन्ही पहिल्याच ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

रोज काय बघायचं

व्हॅममध्ये हलणारे भाग फार नाहीत, म्हणून लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. त्याचा शत्रू हवा. आत बारीकशी जरी हवा शिरली तरी आधी थंडावा कमी होतो आणि मग आतलं पोलाद गंजायला लागतं. तो गंज नंतर फवाऱ्यांच्या भोकांत अडकतो.

आमच्या लॉगशीटवर दर दोन तासांनी गरम पाणी, टॉवरचं पाणी आणि चिल्ड वॉटर यांची येणारी-जाणारी तापमानं लिहितात. याशिवाय पर्ज, म्हणजे आत शिरलेली हवा पंपाने बाहेर काढणं, किती वेळा करावा लागला तेही. पूर्वी आठवड्यातून एकदा पुरायचं ते एक दिवसाआड करावं लागलं तर गळती शोधायला लागा. पर्ज पंपाच्या बाहेरची नळी बाटलीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे मोजले तर अंदाज येतो. व्हॅक्यूम पंपाचं तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात ओलावा गेलाय, लगेच बदला. गळती शोधताना यंत्रात थोड्या दाबाने नायट्रोजन भरून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायचं. कधीही उघडायची वेळ आली तर आत हवा नव्हे, नायट्रोजनच सोडा.

वर्षातून एकदा द्रावणाचा नमुना तपासून घ्या: पीएच, गंजरोधक, तांबं आणि लोखंड किती आलंय. नमुन्याची बाटली उघडली की ऑक्टिल अल्कोहोलचा उग्र वास येतो. ते मुद्दाम घातलेलं असतं, त्याने शोषण सुधारतं. वास अगदीच गेला असेल तर भर घालावी लागते.

टॉवरच्या पाण्याच्या नळ्या नायलॉनच्या ब्रशने आम्ही फेब्रुवारीत साफ करतो, धुराच्या बाजूचा एक्स्चेंजरही त्याच बंदमध्ये उघडतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात डक्टची फिल्टर बदलून होतात. मग मामा एक छोटा थर्मामीटर घेऊन वीसही टेबलांसमोर जातात, माणूस उभा राहतो तिथे छातीच्या उंचीला धरतात आणि आकडा खडूने टेबलाच्या पायावर लिहितात. गेल्या मार्चमध्ये सतरा नंबरच्या टेबलावर ३१ निघाले, बाकी सगळीकडे २७-२८. डक्टच्या एका सांध्याचं इन्सुलेशन सुटलं होतं. ते त्याच दुपारी बांधून घेतलं.